बारा वेळा ‘नाही’

१२ जून

प्रिय छोटे,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर मी ओरडतो आणि तू रडतेस, असं तुझी वहिनी म्हणते, म्हणून महत्त्वाचं बोलणं यापुढे कागदावर.

तुझी भिंगरी इथे पुरती रुळली. सकाळी माझ्या आधी उठून, बुटांच्या नाड्या बांधून दारात उभी असते. शाळेत ‘सर’, घरात ‘मामा’ हे तिनं बरोबर सांभाळलंय. फक्त एकदा मैदानावर ‘मामा, पाणी’ म्हणाली आणि आठवडाभर अख्खा संघ मला मामा म्हणत होता. परवा तिनं आठशे मीटर दोन मिनिटं एकवीस सेकंदांत मारलं. वीस वर्षं मी या शाळेत खेळ शिकवतोय, पण पंधरा वर्षांच्या मुलीनं माझ्या घड्याळात एवढा कमी आकडा कधी दाखवला नव्हता. ऑगस्टच्या शेवटी निवड आहे. पहिल्या दोघींत आली की खेळाडूंच्या वसतिगृहात जागा आणि पुढचं सगळं शिक्षण तिथेच. तुला खोटी आशा लावत नाही, पण ती येणार.

आता कामाचं. यंदा खेळाडू मुलांच्या तब्येतीचा नवा फॉर्म निघालाय. दोन पानं, बारा प्रश्न. पळताना कधी शुद्ध हरपली का, छातीत दुखतं का, डोक्याला मार लागलाय का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का. पालकांनी घरी बसून सावकाश भरायचा म्हणे. त्रेचाळीस पोरांचे पालक सावकाश भरायला बसले तर निवड पुढच्या वर्षी गाठावी लागेल. म्हणून मी माझी जुनी पद्धत काढली. सगळं जग झेरॉक्सवर गेलं तरी माझ्या टेबलाच्या खणात अजून कार्बन आहे. चार फॉर्म एकावर एक, मधे कार्बन, आणि बारा वेळा ‘नाही’. दुपारपर्यंत अख्खी शाळा ठणठणीत! नावं तेवढी वेगळी घालायची. तळच्या फॉर्मवर जरा पुसट उमटतं, पण चालतं. घरचीच पोर म्हणून भिंगरीचा सगळ्यात खाली ठेवला होता. फुली केलीय तिथे सही कर आणि उलट टपाली धाड.

शाळेचा तरणतलाव तयार झाला. सगळी पोरं उतरली, ही एकटी काठावर. पाण्यात जायचं नाही अशी तू तिला शपथ घातलीयस म्हणे. दादा तळ्यात गेल्यापासून आपल्या घरात पाण्याबद्दल कोण काय बोलणार?

तुझा,
भाऊ


१९ जून

प्रिय भाऊ,

तीर्थरूप वगैरे लिहिणार होते, पण तू लहानपणी माझी पेन्सिल चोरायचास ते आठवलं आणि राहवलं नाही.

फॉर्मवर सही केलीय. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे. फॉर्म आला तेव्हा मी नुकती कारखान्यातून आले होते. सध्या शाळांच्या गणवेशांचा हंगाम आहे, माझ्या चेकिंगच्या टेबलावर दिवसाला चारशे सदरे येतात. कॉलर बघायची, काजं बघायची, बटणं ओढून बघायची आणि ‘पास’चा टॅग लावायचा. शेवटच्या तासाला डोळे सदऱ्यावर असतात, पण बघत काही नसतात. हात आपोआप टॅग लावत राहतो. तशीच केली बघ सही.

हे बोटीवर आहेत, दिवाणखान्यात मी आणि पंखा. घर खायला उठतं. पण तिला तुझ्याकडे पाठवलं त्याचा पश्चात्ताप नाही. इथल्या शाळेत पळायचं म्हणजे जिन्यात.

एक सांगायचं होतं. पळून झाल्यावर तिला लगेच उभी ठेवू नकोस, दोन मिनिटं बसू देत जा. आणि सकाळी कानाशी तो घंटेचा गजर लावू नकोस, हलवून उठव. का ते विचारू नकोस. आईचं मन आहे असं समज. पाण्याची शपथ मात्र खरी आहे, ती मोडू नकोस.

तुझी,
छोटी


५ जुलै

प्रिय छोटे,

तुझ्या लाडांनी त्या पोरीचं वाटोळं होणार! बसू दे म्हणे. धाव संपल्यावर चालायचं असतं, हे मी पहिलीच्या पोरांनाही शिकवतो.

आता शांतपणे वाच. परवा सरावात शेवटचे शंभर मीटर असताना भिंगरी पडली. अडखळली नाही, नुसती खाली गेली. कोपर सोलवटलंय, बाकी काही नाही. अर्ध्या मिनिटात उठून बसली आणि ‘किती सेकंद?’ म्हणून विचारलं. चौकशीत कळलं की सकाळी नुसतं अर्धं केळं खाऊन आली होती. मीठ-साखरेचं पाणी पाजलं, सावलीत बसवलं, विषय संपला. आत्ता ती तुझ्या वहिनीशी टीव्हीवरून भांडतेय.

विषय माझ्यापुरता संपला, पण शाळेला यंदा नवी नर्स मिळालीय. आम्ही तिला थर्मामीटरबाई म्हणतो. वय असेल सव्वीस-सत्तावीस, बोलणं न्यायाधीशाचं. तिनं भिंगरीला मैदानावरून उठवलं ते उठवलंच. मोठ्या दवाखान्यात हृदयाची तपासणी होऊन लेखी येईपर्यंत पळणं बंद! मी म्हणालो, बाई, उपाशी पोटी पडली ती. तर म्हणते, ‘सर, उपाशी पोरं पळून झाल्यावर पडतात. ही पळता पळता पडली.’ आणि माझ्यासमोर तो फॉर्म धरून विचारते, हे अक्षर तुमचं ना? सगळ्या शिक्षकांदेखत. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

तपासणीची तारीख महिन्यानंतरची मिळतेय. सराव महिनाभर बुडाला तर निवड गेली म्हणून समज. म्हणून तू एक कर. दोन ओळी लिहून दे, की भिंगरीला जन्मापासून असा काहीही त्रास नाही, आई म्हणून मी खात्री देते. पालकाचं लेखी आलं तर मुख्याध्यापक ऐकतील. आजच टाक.

भाऊ


९ जुलै

आई,

हे पत्र मामाला दाखवलेलं नाही. मधल्या सुट्टीत लिहितेय, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस.

मामानं तुझ्याकडे चिठ्ठी मागितलीय ना? दे ना गं. प्लीज. आपलं ठरलंय, त्या दोन वेळा कुणाला सांगायच्या नाहीत. तू डॉक्टरांकडे नेलं होतंस, ते म्हणाले होते वाढीचं वय आहे, रक्त कमी आहे, गोळ्या घे. मी सगळ्या गोळ्या घेतल्या. शेवटच्या तर चावून खाल्ल्या.

या वेळीही तसंच झालं. आधी काहीच होत नाही गं. चक्कर येत नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही. मी पळत असते आणि मग मी जमिनीवर असते. मधलं काही नसतंच. दुखत नाही, म्हणजे ते वाईट नसणार ना?

नर्सबाई चांगल्या आहेत, पण फार विचारतात. काल विचारलं, घरात कुणी तरुण वयात गेलंय का. मी म्हणाले, मोठा मामा गेला, सतरा वर्षांचा होता, पण तो आजारी नव्हता, तळ्यात बुडाला. त्या म्हणाल्या, त्याला पोहता येत नव्हतं का? मी म्हणाले, अहो, तो पोहण्यात पहिला यायचा, आजीच्या कपाटात त्याची अकरा पदकं आहेत! मला वाटलं त्या हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मग परत उचलून पुष्कळ वेळ लिहीत राहिल्या. मला म्हणाल्या, आईला सांग, मोठा मामा कसा गेला ते मला नीट कळवा.

ते कशाला हवंय त्यांना? तू काही कळवू नकोस. फक्त चिठ्ठी पाठव. मी पळाले नाही तर मी कोण आहे मग? वर्गात माझा नंबर सदतिसावा आहे.

तुझी,
भिंगरी


१४ जुलै

भाऊ,

हे पत्र शाळेत उघडलं असशील तर बंद कर आणि घरी बसून वाच.

तू मागितलेल्या दोन ओळी मी देणार नाही. भिंगरी याआधी दोनदा पडलीय. दोन वर्षांपूर्वी शाळेची घंटा झाली म्हणून फाटकातून पळत सुटली तेव्हा, आणि गेल्या थंडीत घड्याळाचा गजर वाजला तेव्हा पलंगाजवळ. मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू तिला नेलं नसतंस, आणि ती त्या मैदानासाठी दिवस मोजत होती. शिफ्टच्या शेवटच्या तासासारखी सही केली असं मी लिहिलं, ते खोटं. तुझा फॉर्म मी चार वेळा वाचला. पहिल्याच प्रश्नाला तुझं ‘नाही’ होतं, पुसट, आणि ते माझं नव्हतं म्हणून मला बरं वाटलं. मी फक्त सही केली, खोटं बोलले नाही, असं स्वतःला समजावलं.

सातवा प्रश्न तूही नीट वाचला नाहीस. ‘घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं आहे का, बुडून झालेला मृत्यू धरून.’ बुडून झालेला मृत्यू धरून, भाऊ. तिथेही तू ‘नाही’ लिहिलंस, कारण तुझ्या लेखी दादाचा अपघात झाला. तुझा दोष नाही. ते तुझ्या डोक्यात मीच घातलं.

मी आठ वर्षांची होते. दादा पोहताना त्याचे कपडे मांडीवर घेऊन काठावर बसायचं माझं काम. तू त्या दिवशी मॅच बघायला गेला होतास. नंतर घरात जो तो मला एकच विचारत होता, तो ओरडला का, काही बोलला का. बाबा तर माझे दोन्ही खांदे धरून विचारत होते. मग मी म्हणाले, हो, ओरडला. ‘भाऊ, भाऊ’ अशा हाका मारल्या. तू नेहमी तिथे असायचास म्हणून तुझं नाव तोंडात आलं असेल. त्यावर सगळे रडले आणि मला विचारायचे थांबले. तू दारात उभा होतास. तुझा चेहरा मला अजून दिसतो.

तो ओरडला नाही, भाऊ. तळ्याच्या मधोमध होता, नेहमीसारखे लांब हात टाकत. एक हात वर आला आणि दुसरा आलाच नाही. धडपड नाही, पाणीसुद्धा उडालं नाही. मला वाटलं, डुबकी मारून गंमत करतोय. मी आकडे मोजत बसले. तीनशेपर्यंत मोजले.

एकतीस वर्षं तू स्वतःला त्या मॅचबद्दल माफ केलं नाहीस, आणि मी बघत राहिले. पुढे सांगायला तोंडच उरलं नाही. तुझ्यावर याचा काय परिणाम होईल ते मला माहीत नाही, पण आता भिंगरीनं मला लिहिलंय, मी पळत असते आणि मग जमिनीवर असते, मधलं काही नसतंच. दादाचा तो वर न आलेला हात आता तिचा आहे.

नर्सबाईंना हे सगळं सांग. मीही त्यांना वेगळं लिहितेय. भिंगरी रडेल, पाया पडेल, तुला तोंडावर वाईट बोलेल. तिला एक पाऊलही पळू देऊ नकोस.

छोटी


४ ऑगस्ट

छोटे,

उशीर झाला. दोन पत्रं लिहून फाडली. तुझ्यावर रागावलो होतो, ते त्या दोन पत्रांत होतं.

थर्मामीटरबाईंनी तुझं पत्र वाचलं आणि महिन्यानंतरची तारीख दोन दिवसांवर आणली. कुणाला फोन केले देव जाणे. भिंगरीचा ईसीजी काढला, मग चोवीस तास अंगाला यंत्र बांधून ठेवलं. हृदयाच्या डॉक्टरांनी मला कागदावरची रेघ दाखवून समजावलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयातली वीज पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. हिच्यात तो वेळ जास्त लागतो. एरवी काही कळत नाही, पण जोरात पळताना, पोहताना, एकदम दचकल्यावर ताल बिघडतो. दोनदा-तीनदा आपोआप सावरला. दर वेळी सावरेलच असं नाही. जन्मापासूनचं आहे आणि घरात चालत येतं. रोजची गोळी सुरू झालीय. चालायचं, फिरायचं, पण शर्यत बंद. पुढे गोळीचा गुण बघून काय ते ठरवतील, पण या ऑगस्टचा विषय नाही. मी विचारलं, आणखी एक वर्ष असंच पळाली असती तर? डॉक्टर पेनाच्या टोपणाला टिचकी मारत बसले.

माझा ईसीजी काढला, तो साफ आहे. तू तुझा ताबडतोब काढ.

दुसऱ्या दिवशी मी ते त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फॉर्म फाडले. कार्बन थर्मामीटरबाईंच्या हातात दिला, त्यांनी तो चिमटीत धरून कचऱ्यात टाकला. मग तीन शनिवार वर्गात टेबल मांडून बसलो. एकेक पालक, एकेक पोर, बारा प्रश्न तोंडी. एकाला एप्रिलमध्ये डोक्यावर चेंडू बसल्यापासून फळा दोन-दोन दिसतोय. एक मुलगी दम्याचा पंप दप्तरात लपवून आणते आणि संडासात जाऊन ओढते, संघातून काढतील म्हणून. दोघांच्याही फॉर्मवर माझ्या अक्षरात ‘नाही’ होतं. आणि थांबलेलं हृदय धक्का देऊन चालू करायचं एक यंत्र शाळेकडे दोन वर्षांपासून आहे! मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलपात, किल्ली त्यांच्या खिशात. ते आता मैदानाच्या भिंतीवर बिनकुलपाच्या पेटीत आहे आणि वापरायचं कसं ते मला येतं.

भिंगरी माझ्याशी बोलत नाही. ताटावर येते, ‘हो’, ‘नको’ म्हणते आणि उठते.

भाऊ


१२ ऑगस्ट

प्रिय भाऊ,

माझी रेघ तिच्यासारखीच निघाली. डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडूनच आलंय. मी कधी जोरात पळालेच नाही आयुष्यात, म्हणून कळलं नाही. आळशीपणानं वाचले म्हण. आम्ही दोघी आता एकाच रंगाची गोळी घेतो. यांना बोटीवर कळवलंय. आल्यावर बघू म्हणाले, आणि मग तीन वेळा परत फोन केला.

भिंगरीची चिठ्ठी आली. एकच ओळ. ‘तू सांगितलंस.’ खाली नावही नाही. मी ती पर्समध्ये ठेवलीय. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत काढून बघते. रागावलेली आहे, म्हणजे आहे. एवढ्यावर माझं सध्या भागतं.

तिला इकडे आणू का? मैदान समोर दिसत असताना तिला तिथे ठेवणं म्हणजे छळच.

आणि भाऊ, तुझ्या एवढ्या लांब पत्रात यंत्र आहे, दमा आहे, कार्बन आहे. दादाबद्दल एक अक्षर नाही. रागाव, पण काहीतरी लिही. गप्प बसू नकोस. आपल्या घरात गप्प बसून काय झालं ते बघतोय ना आपण दोघंही.

छोटी


२९ ऑगस्ट

प्रिय छोटे,

काल निवड झाली. आपल्या शाळेची उंच पोरगी दुसरी आली, दोन मिनिटं चोवीस. भिंगरी यंदाच्याच जूनमध्ये त्यापेक्षा जोरात पळाली होती, हे मैदानावर फक्त तिला आणि मला माहीत होतं.

आता दादाबद्दल. तुझं पत्र वाचून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. हाक आलीच नव्हती, मी तिथे असतो तरी मला काही ऐकू आलं नसतं. डोक्याला ते पटतं. पण खरं सांगू? एकतीस वर्षं ती हाक माझी होती. त्यानं शेवटी आईला नाही, बाबांना नाही, मला हाक मारली होती. मैदानावर कुणी पोर ओरडलं की माझे पाय आधी पळतात ते त्या हाकेमुळे. ती तू आठ वर्षांची असताना बनवलीस हे कळल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. दादा दुसऱ्यांदा गेला. तुझ्यावर राग नाही, छोटे. होता, संपला. तू तीनशेपर्यंत मोजत बसलीस हे वाचल्यावर कसला राग धरू?

मात्र एक कळलं. मी आयुष्यभर हाकेवर विसंबून राहिलो. दुखलं तर पोर सांगेल, पडलं तर ओरडेल, असं धरून चाललो. ओरडतं ते पोर निम्मं वाचलेलंच असतं. न ओरडणाऱ्यांना विचारावं लागतं, आणि उत्तर यायच्या आत ‘नाही’ लिहायचं नसतं. म्हणून हल्ली मी सरावाआधी एकेकासमोर उभा राहून विचारतो, आज कसं वाटतंय? पोरं हसतात, सरांचं वय झालं म्हणतात. तरी विचारतो.

भिंगरीलाही रोज विचारतो, पळत नसली तरी. महिनाभर ‘ठीक’ एवढंच यायचं, तेही भिंतीकडे बघत. काल निवडीनंतर मैदान रिकामं झालं आणि ती अजून कट्ट्यावरच बसलेली. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, ‘बरं नाही वाटत.’

भिंतीवरच्या त्या पेटीकडे नजर गेली. कुठे होतंय, छातीत का, असं विचारत मी तिची नाडी धरली. तिनं हात सोडवला नाही. म्हणाली, ‘छातीत नाही. मला पळायचं होतं, मामा. मला खूप पळायचं होतं.’ आणि ती रडायला लागली, छोटे, तोंडावर हातबीत काही न घेता, लहान मुलांसारखी मोठ्यानं. माळी झारी खाली ठेवून बघत राहिला. मी तिला गप्प बस म्हणालो नाही.

तिला एवढ्यात नेऊ नकोस. पोर ओरडली, आणि या वेळी मी तिथे होतो.

तुझा,
भाऊ